बाबांच्या गाडीतला निळा उजेड

परदेशातून शिकून आलेल्या चिरंजीवांनी ठरवलं, आईच्या पायाशी थोडा उजेड पाडायचा. बस, एवढंच.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांची गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. आईला ती विकायची होती. चिरंजीवांना मात्र तिच्यातून इमारतीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात फुकट न्यायचं होतं. ('समाजाचं देणं' हे शब्द ते रोज आंघोळीइतक्या नेमाने वापरत.) शेवटी आई म्हणाली, "उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय. त्याआधी एकदा आत बसून बघते, मग ठरवते."

तळघरात आईला पायाखालचं दिसत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडीच्या छतातल्या दिव्याची वायर शोधून तिला एलईडीच्या दोन निळ्या पट्ट्या जोडल्या. दार उघडं होतं, छताचा दिवा जळत होता आणि पट्ट्या ढिम्म. 'माल खराब' असं ठरवून त्यांनी दार आपटलं आणि मागे न बघता वर गेले.

तासाभराने वॉचमन दारात. घामाघूम.

"दादा, गाडीत कुणीतरी आहे."

"कोण?"

"तेच कळत नाही. दार उघडलं की जातं. लावलं की परत येतं."

खाली सगळं गार, ओलसर. कुठेतरी पाइप ठिबकत होता. गाडीच्या काचा आतून निळ्या झाल्या होत्या आणि बाबांची रिकामी सीट त्या उजेडात कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी दिसत होती. चिरंजीवांनी दार उघडलं. निळं गेलं. लावलं. निळं आलं. त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. (त्यांची पदवी विजेच्या अभियांत्रिकीची होती, हे इथे सांगायला नको होतं.)

"सरक बाजूला," मागून आई म्हणाली.

ती आत बसली. दार ओढून घेतलं. काचेपलीकडे तिचे ओठ हलताना दिसत होते, बाबांच्या सीटकडे बघून. उजेड हळूहळू मंदावला. आणखी मंदावला. विझला.

आई बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. "गाडी ठेवायची म्हणतात."

मग गाडी सुरूच होईना, म्हणून वायरमन आला. दोन मिनिटांत त्याने चिरंजीवांना बाजूला घेतलं. "दादा, या गाडीत दाराचं बटण अर्थच्या बाजूला आहे. तुम्ही पट्टीचं टोक बॉडीला लावलंत, म्हणून सगळं उलटं चालतंय, दार लावलं की पट्ट्या लागतात. त्यात बॅटरी जुनी, ती उतरली. आईंना सांगू?"

गप्प बसलं असतं तर गाडी वाचली असती. पण खोट्याच्या जिवावर कसलं समाजाचं देणं! चिरंजीव मान खाली घालून म्हणाले, "आई, ते बाबा नव्हते. मी चुकीची वायर जोडली होती."

 आई इतकी हसली, की वॉचमन दचकून मागे सरला.

"अरे, तुझ्या बाबांनी याच गाडीत रेडिओ बसवला होता. गाणं लागलं की वायपर फिरायचे! दार लावल्यावर दिवा लागतो म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. असली जोडणी दुसरं कोण करणार?"

"मग... विकायची?"

"कशाला? त्यांचा हात घरातच आहे की! गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव." तिने किल्ली चिरंजीवांच्या हातात ठेवली आणि वायरमनकडे वळली.

"याची पक्कड मात्र तुम्ही घेऊन जा."