स्टँपपेपरवरचं गाणं

लोंढे मास्तरांनी मला फसवलं. इस्लामपुरात पाइप आणि पंपांचं दुकान चालवणाऱ्या, भाव करताना कंपनीच्या एजंटांना घाम फोडणाऱ्या माणसाला एका गिटारवाल्यानं सात वर्षं फसवलं. तेही मी स्वतः लिहिलेल्या स्टँपपेपरवर.

झालं असं. साताऱ्याला मेहुण्याच्या घराची वास्तुशांत होती. मेहुणा रिटायर सुभेदार. जेवणं झाल्यावर त्यानं माऊथ ऑर्गन वाजवला, लोकांनी टाळ्या दिल्या आणि हा चारचौघांत मला म्हणतो, "दाजी, तुमीबी वाजवा की कायतरी. पाइप वाजवा न्हाईतर!"

सायकलला पाइपांची बंडलं बांधून गावोगाव हिंडलेला माणूस मी. कष्टानं दुकान उभं केलं, ते काय हे ऐकायला? घरी येईपर्यंत मी बायकोशी बोललो नाही.

त्याच आठवड्यात लोंढे मास्तर दुकानात आले. स्टँडमागची त्यांची शिकवणीची खोली पाडणार होते, म्हणून माझ्या दुकानावरची खोली भाड्यानं पाहिजे होती. मी म्हणालो, "भाडं नको. मला एक गाणं शिकवा." मास्तर अर्धवट सोडून पळतील या भीतीनं मी स्टँपपेपरवर लिहून घेतलं : मालकास एक गाणे संपूर्ण येईपर्यंत खोली मास्तरांकडे राहील. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि मुकाट्यानं सही केली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. माझ्यासमोर घासाघीस न करता सही करणारा माणूस साधा नसतो.

मास्तर दिसायला मात्र साधेच. डाव्या हाताची नखं पार कापलेली, उजव्या हाताची वाढवलेली. उजव्या हातानं ते कुठलंच काम करत नाहीत. एकदा पाइप उतरवायला हात लावा म्हणालो, तर बोटं दाखवून म्हणाले, "ही सरकारी हायत, शेठ. खाजगी कामाला मिळत न्हाईत."

बेसूर काही त्यांना चालत नाही. माझ्या दुकानाचं शटर वर जाताना कुरकुरायचं. मास्तरांनी तीन दिवस तेल घातलं, चौथ्या दिवशी म्हणाले, "आता बरुबर. आता पंचमात वरडतंय." कुरकुर तशीच होती. पण ते समाधानानं वर गेले.

तरुणपणी साताऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात होते. तो मोडला, मग बेंजो पार्टीत लागले. वरातीत टेम्पोवर उभं राहून गिटार. एका लग्नसराईत त्यांच्या गिटारची वायरच तुटली होती. ढोल, बेंजो आणि जनरेटरच्या आवाजात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मास्तर सगळी सराई तशीच वाजवत राहिले.

"मग वाजवलं कशाला?" मी विचारलं.

"मला ऐकू येत हुतं की."

असा माणूस. तर माझं शिक्षण सुरू झालं. पहिले तीन महिने नुसती तार लावायची. मग मुखडा, मग अंतरे. दोन वर्षांत बोटांना घट्टे पडले आणि गाणं जमलं. सगळं. फक्त शेवटची ओळ सोडून. ती आली की मास्तर माझ्या तारांवर हात ठेवायचे. "अजून मुरलं न्हाई, शेठ. परत पयल्यापासनं."

लोणचंसुद्धा एवढं मुरत नाही! पण म्हटलं, कला आहे, असेल बाबा.

भांडं फुटलं आष्ट्यात. तिथल्या एका शाळेच्या गॅदरिंगला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. एक मुलगी गिटार घेऊन आली, छान वाजवलं, आणि शेवटाला आली तशी गर्रकन परत मुखड्यावर. पुन्हा शेवटाला, पुन्हा मुखड्यावर. पाचव्या फेरीला हेडमास्तर स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा ती थांबली. मी तिला विचारलं, "कुणाकडं शिकतीस गं?" म्हणाली, "लोंढे सर. शेवटची ओळ पुढच्या वर्षी देणार हायत."

मग मी चौकशीच लावली. सांगलीपर्यंत मास्तरांचे विद्यार्थी पसरलेत आणि एकाचंही गाणं संपत नाही! म्हणजे मुरण्या-बिरण्याचा प्रश्नच नव्हता.

मी जिना चढून गेलो. "मास्तर, दसऱ्यापातुर ओळ द्या, न्हाईतर खोली मोकळी करा. मला पाइप ठेवायला जागा पायजे."

"कागद वाचा, शेठ," ते शांतपणे म्हणाले. कागद माझाच होता. वाचला. खाली आलो.

पण मी सोडणारा नाही. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. कितीदा मास्तरांना म्हणालो होतो, मला गुरुवारी पाचची वेळ द्या. दर वेळी उत्तर एकच : "ती येळ भरलीय." म्हटलं, त्याच वेळी जाऊन त्या विद्यार्थ्यासमोरच यांची लबाडी काढू. टेप घेतली, खोलीचं माप काढायला आलोय असं दाखवायला, आणि बरोबर पाचला वर गेलो.

दोन स्टुलं समोरासमोर मांडलेली. एकावर मास्तर. दुसरं रिकामं, त्याला एक गिटार टेकवलेली. मास्तर स्वतःची सोडून तिच्याच तारा लावत होते.

"कोण यायचंय?"

"विद्या."

"कवा येती?"

मास्तरांनी एक तार पिळली, कान लावला. "पुण्यात असती आता. कारेक्रम करती. लय नाव हाय म्हणत्यात. जाताना म्हणली हुती, मास्तर, गुरुवार पाच माझंच ठेवा, मी येत जाईन."

"किती दिस झालं?"

"स्टँडमागं हुतो तवाची गोष्ट."

म्हणजे सात वर्षांच्याही आधीची. मग मला ती पाटी आठवली. जुनी जागा सोडताना मास्तरांनी पेंटरकडून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर बाण काढून लिहून घेतलं होतं, 'लोंढे मास्तर आता पाइपच्या दुकानावर.' दुकानाची फुकट जाहिरात झाली म्हणून मी खूश होतो.

"तिला मातर पुरं गाणं दिलं," मास्तर म्हणाले. "शेवटची ओळ झाली आन् पुढच्या आठवड्यात गेली." गिटार त्यांनी परत स्टुलाला टेकवली. मग माझ्या हातातली टेप बघून म्हणाले, "बसा, शेठ. आज देतो ओळ. खोलीबी सोडतो."

पाहिजे होतं ते सगळं, घासाघीस न करता, समोर. मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं.

"आज न्हाई," मी म्हणालो. "आज दुसऱ्याची येळ हाय."

आणि खाली येऊन जिन्यात ठेवलेले सगळे पाइप हलवले. सुट्टीच्या दिवशी. एकट्यानं.

माझ्या फसवणुकीचं मी बघून घेईन. स्टँपपेपर माझ्याकडे आहे, आणि मेहुण्यापुढं मी तेच गाणं गोल गोल वाजवून त्याला दमवलंय. पण विद्याताई, तुमच्या शब्दाचा कागद कुणाकडेच नाही, म्हणून हे असं लिहून विचारतो. इतकी वर्षं दर गुरुवारी तुमची गिटार सुरात लागते. बाणाची पाटी अजून आहे, जिना मोकळा आहे. तुम्ही का आला नाहीत, याचं उत्तर द्या. फोनवर नको. पाच वाजता, वर येऊन.