शफीभाईचा फक्त हात झालाय!

"शफीभाई, मढ्याला गुदगुल्या होतात का?"

हा प्रश्न माझा नव्हे हं! आमच्या ओतूरच्या शाळेतल्या इंद्रायणीने पैज लावली होती, "ताहेरा, विचारून दाखव!" मी काय घाबरते? भाऊ पुण्याच्या मेडिकल कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीला आला आणि एस.टी.तून त्याचा दुसरा पाय खाली टेकायच्या आत मी विचारलंसुद्धा!

"त्याला नाही होत," शफीभाई म्हणाला. "मी मात्र पहिल्या दिवशी टेबलाखाली आडवा! वरचा निवांत, खालचा बेशुद्ध."

"मग आता काय काय येतं तुला?"

"हात."

"नुसता हात?"

"खांद्यापासून बोटांपर्यंत. पोट पुढच्या सहामाहीत. डोकं त्याच्याही नंतर."

तोवर अब्बांनी आमच्या कापडदुकानातून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं होतं, "आमचा शफी डॉक्टर होऊन आला! या, फुकट तपासतो!"

शफीभाई चुन्यासारखा पांढरा पडला. त्याच्याहून मोठा धसका मला! अब्बांचा शब्द होता, शफीने नाव काढलं तर मॅट्रिकनंतर मलाही शिकायला पुण्याला धाडायचं. नाहीतर अम्मीने मंचरचं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं!

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "दुकानाच्या दारात मी उभी राहते. हाताची दुखणी तेवढीच आत सोडते!"

पहिल्याच आल्या घाटघरच्या लंकाबाई. "पोरी, पोटात लई कळा येत्यात गं!"

"पोट नाही बघत डॉक्टर. फक्त हात!"

लंकाबाईंचे डोळे बशीएवढे झाले. मागे वळून ओरडल्या, "आगं बया! नुसता हात धरून पोटातलं वळखतोय! लई मोठा नाडीवाला हाय!"

झालं! दातवाले, गुडघेवाले, खोकलेवाले, सगळे हात पुढे करून आत! शफीभाई एकेक मनगट धरायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "पाणी उकळून प्या." लोक मान डोलवत बाहेर पडायचे. मी तर मनातल्या मनात पुण्याला पोचलेसुद्धा!

एवढ्यात राजुरीचे कुशाबा पैलवान बसले. दंड कसला, नारळाचं झाड! शफीभाई भान विसरला. "वा! आमच्या कॉलेजात असा एकही हात नाही!"

"तितं कुनाचं हात बगतोस रं?"

"मढ्यांचे!"

कुशाबा उठले ते बाक उलटवूनच. "आरं, मढी शिवून आलाय ह्यो! आन् त्याच हातानं आमाला धरलं!"

मग जी पळापळ झाली म्हणता! लंकाबाई पुढे, कुशाबा मागे, आणि त्यांच्यामागे हात दाखवलेले झाडून सगळे, नेसत्या कपड्यांनिशी थेट मांडवी नदीत! बाजारात उरलो आम्ही चौघं आणि कुणाची तरी शेळी. अब्बा डोकं धरून बसले.

"मंचरला निरोप धाडा," अम्मी थंडपणे म्हणाली.



थोड्या वेळाने मंडळी परतली. निथळत, कुडकुडत! ओल्या लुगड्याने घाटघर गाठायचं कसं?

"राजमहंमदभाऊ, येक लुगडं काडा!" लंकाबाई अब्बांना म्हणाल्या.

"मला धोतार!"

"आदी मला! दात वाजत्यात माजं!"

दिवेलागणीच्या आत दुकानाच्या फळ्या रिकाम्या! धोतरं संपल्यामुळे कुशाबा पैलवान तर फुलाफुलांचं पडद्याचं कापड गुंडाळून राजुरीला गेले.

"डॉक्टरकीत बरकत आहे, बेगम!" अब्बा मिशीत हसले.

एवढीच संधी हवी होती! मी मधोमध उभी राहिले.

"अब्बा, अम्मी, माझं ठरलं! मी डॉक्टरच होणार! पण सुट्टीला घरी येईन ती अख्खा माणूस शिकून झाल्यावरच!"