खालच्या अंगाचं चाक

आनंदराव शिळीमकरांनी आयुष्यात एकदाही चुकीचा बैल निवडला नाही, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. त्यांच्यासमोर कुणी वेगळं बोलत नसे, त्यामुळे सगळ्या वेल्हे तालुक्याचंही तेच म्हणणं धरायला हरकत नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना बैलजोड्या जुळवून दिल्या. नुसत्या सावलीकडे बघून बैल कितव्या वावरात दमेल, ते सांगत. एकदा तर म्हणे खोकल्यावरून बैलाचं आजोळ ओळखलं होतं! आजोळच्या माणसांनी अजून ते नाकारलेलं नाही.

अशा माणसाच्या घरात जपानी गाडी आली. मुलगा गोरख पुण्यात एका परदेशी साहेबाचा ड्रायव्हर. मायदेशी परतताना साहेब आपली चारही चाकांना ताकद देणारी व्हॅन गोरखलाच देऊन गेला. गाडी हत्तीसारखी दणकट, पण टायर पार टकले झालेले.

गाडी हवी होती एकाच कामाला. शिळीमकरांची वाडी पाली गावाच्याही वर, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात वरचा चार किलोमीटरचा कच्चा रस्ता म्हणजे तूप सांडलेलं ताट. गोरखच्या बायकोचे, शेफालीचे दिवस श्रावणात भरत होते. वाडीतल्या बायका अशा वेळी बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली जात. आनंदरावांची बायको अंबूबाई पहिल्या खेपेला तशीच गेली होती. ते मूल वाटेतच झालं, आणि घरी काही आलं नाही. आनंदराव त्यावर कधी बोलत नसत. यंदा एवढंच म्हणाले, "माझी सून झोळीत बसणार न्हाई. चाकावर जाईल. आणि चाक म्या निवडणार."

बापलेक किकवीला हायवेवरच्या मधूच्या टायरच्या दुकानात गेले. मधूने एक काळाकुट्ट, खोल खाचांचा टायर पुढे लोटला.

"काका, चिखलाचा राजा आहे हा."

आनंदराव उकिडवे बसले. खाचांतून बोट फिरवलं. नख रुतवलं. वास घेतला.

"खूर चांगलाय. वय?"

मधूने टायरच्या अंगावरचे आकडे दाखवले. "हा आठवडा, हे साल. कारखान्यातच छापतात."

"म्हंजी दात दिसत्यात," आनंदरावांनी मान डोलावली. "आता जरा चालवून दाखव."

इतक्या वर्षांच्या धंद्यात टायरची चाल दाखवण्याची वेळ मधूवर पहिल्यांदाच आली होती. त्याने आवारातून टायर दोनदा घरंगळवला. आनंदराव डोळे बारीक करून बघत राहिले.

"बरा हाय. दोन दे."

"चार लागतील, काका."

"दोनच. डाव्या अंगाला, पुढं एक, मागं एक. आणि ह्याच्यापेक्षा हातभर उंच दे. उजवीकडं गाडीचेच त्यातल्या त्यात बरे दोन असू देत."

मधूने गोरखकडे पाहिलं. गोरखने आभाळाकडे पाहिलं.

आनंदरावांनी मग शाळा घेतली. डोंगरउतारावर आडवं नांगरताना उंच बैल खालच्या अंगाला जुंपायचा आणि बुटका वरच्या अंगाला, म्हणजे जू समपातळीत राहतं. वाडीच्या रस्त्याला दरी डावीकडे, रस्ता तिकडेच कललेला. तेव्हा उंच चाकं डावीकडे! यात न कळण्यासारखं काय आहे?

"काका, हिच्या चारी चाकांना ताकद जाते," मधू काकुळतीला आला. "सारखी नसली तर आतले दाते एकमेकांत भांडतात."

"भांडू देत. माझ्या घरात चाळीस वर्सं भांडत्यात, संसार थांबला का?"

"आबा, अवो ऐका की त्यांचं!" गोरख म्हणाला.

"तू पोटात होतास तवापासून जोड्या जुळवतोय म्या. गप ऱ्हा."

हातभर उंच चाक जगात कुठेच मिळत नव्हतं, तरी सापडलं तेही छातीत धडकी भरवणारं होतं. त्यासाठी मधूला डावीकडचे मडगार्ड कापून मोठे करावे लागले. यंत्राने बोल्ट असे आवळले की परमेश्वरालाही पुन्हा सुटू नयेत. निघताना त्याने गाडीला हात जोडले. तो गिऱ्हाइकाला असतो तसला नमस्कार नव्हता.

सपाट रस्त्यावर गाडी उजवीकडे अशी कलली, जणू काही कुणाचं गुपित ऐकतेय. गोरख तिरपा बसून चालवत होता. नसरापूरपर्यंत सात पंक्चरवाले मागे धावले. एसटीचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "पावनं, हवा गेली!" आनंदराव प्रत्येकाला शांतपणे हात करत होते.

पण पालीच्या वर कच्चा रस्ता लागला, आणि चमत्कार झाला! गाडी सरळ झाली. रस्ता डावीकडे कललेला, पण आतली माणसं देव्हाऱ्यातल्या देवांसारखी ताठ. भर पावसात गाडी चढून वाडीत आली. अंबूबाईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"बघितलंस?" आनंदराव म्हणाले. गोरख मग चालतच पालीला उतरून पुण्याला कामावर गेला. कारण आनंदरावांनी बजावलं होतं, "सून बसल्याबिगर हे चाक आता हलणार न्हाई."

पंधरा दिवस गाडी अंगणात उभी होती. रोज तिला हार. आनंदराव ट्रॅक्टर चालवून तयार झालेले, लायसनही होतं. त्यामुळे काळजी कसलीच नव्हती.

सोळाव्या दिवशी सकाळी शेफालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिला मागे निजवलं, अंबूबाई तिच्या उशाशी बसली, आणि आनंदरावांनी देवाचं नाव घेऊन गाडी उताराला लावली.

पहिल्याच वळणावर अंबूबाई घसरत जाऊन उजव्या काचेला चिकटली.

"अवो! मला नदी दिसतीय!"

"दिसू दे. रोजच दिसती."

"रोज समोर दिसती! आज खाली दिसतीय!"

आनंदरावांनी ब्रेक दाबला. डोंगर आपल्या जागी होता, दरी आपल्या जागी होती. फिरलं होतं फक्त गाडीचं तोंड. उतरताना दरी उजवीकडे येते, आणि उंच चाकं डावीकडे, म्हणजे डोंगराच्या अंगाला! बैल शेताच्या टोकाशी वळले की माणूस जू सोडून त्यांची अदलाबदल करतो. पण परमेश्वराला न सुटणारे बोल्ट आनंदरावांना सुटणार नव्हते. शिवाय उजवीकडचे मडगार्ड कापलेच नव्हते, तिथे ती चाकं मावणार कशी? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आनंदरावांनी चुकीची जोडी जुंपली होती.

"झोळी आणू का?" अंबूबाईने अगदी हळू विचारलं.

त्यांनी मान हलवली. कुणीकडे, ते कळलं नाही.

"मामा," मागून शेफाली दात आवळून म्हणाली, "येताना गाडी सरळ होती न्हवं?"

"व्हती, पोरी."

"मंग येताना जशी होती तशीच न्या की! फकस्त उलटी! आणि लवकर!"

गाडी मागे सरकत अंगणात आली, तोंड डोंगराकडे करून वळली, आणि पाठीच्या बाजूने रस्ता उतरू लागली. ताठ. सरळ. रिव्हर्स टाकला की त्या गाडीत एक जपानी बाई बोलायची. ती चार किलोमीटर अखंड बोलत होती.

"काय म्हणती ती?" अंबूबाईने विचारलं.

"धीर धरा म्हणती," आनंदराव म्हणाले.

"तिला म्हणावं, तू ये हितं, म्या बोलते!" शेफाली किंचाळली.

मागची काच चिखलाने माखली होती, म्हणून आनंदराव मान डाव्या खांद्यावरून वळवून दाराच्या काचेतून कडेचा एकेक दगड पारखत होते. एकदाही त्यांनी पुढे पाहिलं नाही. पालीत गाडी थांबली तेव्हा मान तिथेच अडकलेली होती. तिथून वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत मानसिंग नावाच्या वाटाड्याने गाडी नेली. आनंदराव शेजारी बसून मागे पडलेला रस्ता बघत होते.

दुपारी डॉक्टर सुहासिनी बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी सुखरूप. थोडी कसरत झाली मात्र. बाळ पायाळू आहे. आधी पाय आले, मग डोकं."

"येईल नायतर काय!" अंबूबाई म्हणाली. "सकाळपास्नं पोर उलटीच आलीय. तिला वाटलं, जगात असंच शिरत्यात!"

मग ती बाळाला घेऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. "वाका. पायाळूचा पाय लागला की लचक उतरती."

"असं काही नसतं हो," डॉक्टर म्हणाल्या, आणि बघायला जवळ आल्या.

आनंदराव वाकले. घटकाभराच्या नातीने ती इवलीशी टाच आजोबांच्या मानेवर दणकन हाणली.

"सुटली का?" डॉक्टरांनी विचारलं.

आनंदराव वाकलेलेच राहिले. खांदे मात्र हलत होते.

"आता कंबर धरली वाटतं," अंबूबाई म्हणाली, आणि सगळ्यांकडे पाठ करून त्यांच्यापुढे आडवी उभी राहिली.