उजवीकडचं फाटक

"बाबा, तुम्हाला गाडी चालवता येते का हो?"

हा प्रश्न माझा नव्हे. माझ्या दोन मैत्रिणींचा आहे. एक चष्मिष, एक बडबडी. शनिवारी मधल्या सुट्टीत दोघींनी मला गाठलं. "तुझे बाबा नऊ वर्षं ती जुनी गाडी दुरुस्त करतायत. चालवताना कुणी पाहिलंय? हिंमत असेल तर विचार!" वक्तृत्व स्पर्धेत अख्ख्या शाळेसमोर बोलून आल्यापासून 'हिंमत असेल तर' हे शब्द मला सहनच होत नाहीत. त्यामुळे विचारलं. भर जेवणात.

बाबांचा घास हातातच राहिला. "येते का म्हणजे? परवाना आहे माझ्याकडे!"

"परवाना मीही पाहिलाय," आई म्हणाली. "गाडी चालताना पाहायची राहिलीय."

गाडी आजोबांची. दुधी रंगाची, वाटोळ्या डोळ्यांची, पाहुण्यांसमोर पोट आत घेऊन बसल्यासारखी दिसणारी. आजोबा गेले तेव्हापासून ती शेडमध्ये आहे. बाबा त्यांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. दर रविवारी डोळ्याला भिंग लावून ते तिच्या इंजिनात डोकं घालतात, कार्ब्युरेटर उघडतात, पुसतात, फुंकतात आणि होता तसा बसवतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आई कपडे शिवते. तिला शिवणयंत्रांसाठी ती शेड हवी होती. तिने ताट बाजूला सारलं आणि निकाल दिला. "उद्या अकराला भंगारवाला येतोय. त्याआधी ही गाडी बाहेर जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आत आली, तर राहील. नाहीतर ती बाहेर आणि माझी यंत्रं आत."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माझ्याही. विचारायचं काय होतं आणि झालं काय!

रविवारी सकाळी गॅरेजवाले मिस्त्रीकाका आले. मैत्रिणीही आल्या, बोलावलेलं नसताना.

"मिस्त्री, कार्ब्युरेटर एकदा उघडून बघू या का?" बाबांनी आशेने विचारलं.

"साहेब, गाडी दोन वर्षांपासून तयार आहे. तुम्हीच तयार नाही."

बॅटरीत जीव कमी, म्हणून गाडी ढकलतच बाहेर काढली आणि उताराकडे तोंड करून सोडली. मी बाबांच्या शेजारी, मैत्रिणी मागे. गाडी आधी खोकली, मग शिंकली, मग एकदम असं काही गुरगुरली की झाडावरचे कावळे उडाले. "सुरू झाली!" बडबडी किंचाळली. आम्ही चक्क निघालो! बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

पहिल्या कोपऱ्यावर डावीकडे. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे. मग पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि आलो की आमच्याच रस्त्यावर! आमचं फाटक समोर, रस्त्याच्या पलीकडे, उजव्या हाताला. आई टाळ्या वाजवत होती.

"बाबा, फाटक!"

"इंजिन जरा गरम होऊ दे," म्हणत बाबा सरळ पुढे गेले.

दुसऱ्या फेरीत बाबा म्हणाले, "टायर जरा मोकळे होऊ देत." तिसऱ्या फेरीत काहीच म्हणाले नाहीत. आईशी बोलणं आता हप्त्याहप्त्याने चाललं होतं. "अहो, पावणेअकरा..." एवढं ऐकू आलं आणि आई मागे पडली. चौथ्या फेरीत, "...कधीच वाजले! तो भंगारवाला..." पाचव्या फेरीत, "...आलाय! चहा देऊ का त्याला?"

"दे!" बाबा ओरडले. "दोन कप दे!"

कोपऱ्यावरचा पेपरवाला पहिल्या फेरीला नुसता बघत होता. आता तो उभा राहून सलाम ठोकायला लागला. एक स्कूटरवाला शेजारून जाताना म्हणाला, "काका, पत्ता सापडत नाहीये का?" मिस्त्रीकाका धापा टाकत खिडकीशी चालत होते. "साहेब, ते स्टिअरिंग उजवीकडेही फिरतं!"

"चार वेळा डावीकडे वळलं की माणूस होता तिथेच येतो," मागून चष्मिष म्हणाली. "भूमितीत बरोबर आहे."

मी बाबांकडे पाहिलं. कपाळावरून घाम ओघळत होता. "बाबा, उजवीकडे का वळत नाही तुम्ही?"

त्यांनी आणखी एक डावं वळण घेतलं. मग हळूच म्हणाले, "परवान्याची परीक्षा मैदानावर होती. डावीकडून तीन फेऱ्या मारल्या, पास झालो. रस्त्यावर उजवं वळण आलं की तुझे आजोबा म्हणायचे, 'सरक, मी घेतो.' आणि घ्यायचे. काय सुंदर घ्यायचे! मग ते गेले. आता सरकू कुणासाठी?"

म्हणजे नऊ वर्षं कार्ब्युरेटरमध्ये काहीच नव्हतं! मी सीटवर ताठ बसले आणि समोर रस्त्याकडे बघायला लागले.

सहाव्यांदा आमचा रस्ता आला. फाटकाशी भंगारवाला हातात कप घेऊन उभा होता, आणि त्याचा ट्रक पलीकडे.

"बाबा, हात बाहेर काढा."

"अगं, हात काढला की वळावं लागतं."

"म्हणूनच काढा. समोरचं मी बघते. थांबा... सायकल जाऊ दे. टेम्पो जाऊ दे. त्या मावशी... जाऊ दे. आता!"

बाबांचा उजवा हात खिडकीबाहेर गेला. ताठ, झेंड्यासारखा. आणि गाडी वळली! फाटकाला घासली, बादली उडवली, वाळत घातलेली चादर टपावर घेतली आणि शेडच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली.

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. "बाई, ही तर चालते. चालती गाडी मी नेत नाही, पाप लागतं." तो गेलासुद्धा.

"आणि माझी यंत्रं?" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. पण चादर काढताना तिने टपावरून हात फिरवला, तो मी पाहिला. बाबा अजून आतच बसले होते. हसत होते की रडत होते, काही कळेना. एकूण छान दिसत होते.

मी फूटबोर्डावर चढले आणि भाषणाचा आवाज लावला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून मला शाळेत बाबा सोडणार, याच गाडीतून. मग गाडी दिवसभर दुकानासमोर आणि शेड दिवसभर आईची. आणि मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे 'सरक' म्हणायला शेजारी कुणी नसेल."

"अगं, पण शाळेच्या वाटेवर सहा उजवी वळणं आहेत!" बाबा दचकले.

"सात," मी म्हणाले. "फाटकातून निघतानाचं तुम्ही धरलंच नाही."