नुसती मान

"नुसती मान दाबायची. अंगाला हात लावायचा नाही," ऑर्विल टेव्हिट म्हणाला.

विषय पुंगळ्यांचा होता. गोळी सुटताना काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. पुन्हा भरायची तर आधी दाबून मापात आणावी लागते. अख्खी दाबावी की नुसती मान, म्हणजे गोळी बसते ते निमुळतं तोंड, यावर मोंटानातल्या त्या गॅरेजमध्ये दरवर्षी शिकारीच्या तोंडावर वाद होई. ऑर्विलचा मेव्हणा ड्वेन अख्खीवाला होता.

"अख्खी दाबली की कुठल्याही रायफलीत जाते," ड्वेन म्हणाला.

"कुठल्याही रायफलीत जाणारी पुंगळी म्हणजे मोटेलमधली चादर. ही माझ्या रायफलीत फुगलीय. तिला माझं माप पाठ आहे."

"निघण्याआधी घालून तरी बघ."

"जिथून निघाली तिथं परत जाणार नाही होय?"

"पडलेला दात जातो का?"

ऑर्विलने त्याला कॉफी दिली नाही.

गेली कित्येक वर्षं टेव्हिटांच्या फ्रीझरमधलं एल्कचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचं, मांस लोर्ना, म्हणजे त्याची बायको, मारून आणत होती. चर्चच्या जेवणात लोक मांसाच्या रश्श्याच्या पातेल्याकडे बोट दाखवून "लोर्नाच्या एल्कची चिली" म्हणत. पातेलं ऑर्विलने उचलून आणलेलं असे. यंदा एल्क त्याचा होता, तसं ठरलंच होतं. दोघांच्या रायफली एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. एल्क मारायचा मोह नको, तुझी काडतुसं गाडीत ठेव, असंही त्याने लोर्नाला सांगितलं होतं. तिने ठेवली.

डोंगरावर वारा बरोबर होता. एल्क आडवा उभा होता, घाईत नव्हता. ऑर्विलने काडतूस सारलं, ते आत बसवणारा बोल्ट पुढे ढकलला, खाली दाबला, आणि बोल्ट

वाक्य इथे अडलं, कारण बोल्टही इथेच अडला.

त्याने दुसरं काडतूस सारलं. बोल्ट पुन्हा

"काय झालं?" लोर्ना कुजबुजली.

"बसत नाहीये."

"मग?"

"बसेल. मानेचा काही प्रश्न नाही."

एल्कने चरायला सुरुवात केली. ऑर्विलने खिसे रिकामे केले. सगळी काडतुसं एकाच मताची निघाली.

"एक इकडे दे," लोर्ना म्हणाली.

तिचा बोल्ट पुढे गेला, खाली आला आणि बसला. वाक्य पूर्ण झालं. एल्कचंही.

गाडीकडे परतताना लोर्नाने रिकामी पुंगळी बोटांत फिरवून पाहिली.

"पुंगळ्या कुठल्या घेतल्या होत्यास?" तिने विचारलं.

"कॉफीच्या डब्यातल्या. उन्हाळ्यात नेम लावायला गेलो होतो तेव्हा तू गोळा केल्यास त्या."

"त्या माझ्या रायफलीच्या."

"आणि माझ्या?"

"तू उचलल्या होत्यास?"

"मला वाटलं तू उचलल्यास."

"मोजे उचलते मी तुझे, ऑर्विल. पुंगळ्या नाही."

रविवारी चर्चमध्ये पातेलं आलं. ऑर्विलनेच आणलं. ड्वेनने वाडगा भरून घेतला, एक घास खाल्ला आणि बहिणीकडे वळला.

"मग? अख्खी की मान?"

"मान," लोर्ना म्हणाली. "ज्या रायफलीतली तिच्यातच बसते, दुसरीत नाही. ऑर्विल म्हणतो ते अगदी खरं आहे."

ड्वेनने थोडा विचार केला. "चुकलं माझं, ऑर्विल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

ऑर्विलने ड्वेनशी घातलेला वाद आज पहिल्यांदाच जिंकला होता. तो मान खाली घालून लोर्नाच्या एल्कची चिली खात राहिला.