दत्ताभाऊंचं पाटाचं नेट

आमच्या वराळ्याच्या कारखान्यात कुणी फोनवर क्रिकेट लावलं की दत्ताभाऊ खुर्चीतूनच हाळी द्यायचे, "डिस्पॅच, पाट फोडू नका." आणि त्या फोनवरचा फलंदाज बॅट उचलून उभा तो उभाच.

नेटवर्क सांभाळणारे दत्ताभाऊ मळवली स्टेशनजवळच्या भाजे गावचे, घरची भातशेती. त्यांच्या लेखी नेट म्हणजे पाटाचं पाणी, आणि ते आत येतं त्या दारावरचा राखणदार म्हणजे फायरवॉल. तिथं त्यांनी प्रत्येकाला मर्यादा घालून ठेवलेली. साहेबांनासुद्धा. "वरच्या वाफ्यानंच ढोसलं तर खालच्यानं काय करायचं?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता चहा प्यायचे. मी क्वालिटीत. माझे रिपोर्ट रखडत रखडत जायचे. भांडून भांडून मी दमले, पण हा बाबा ढिम्म.

मग त्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक व्हिडिओवर आमचं नवं मशीन बघणार होतं. दाखवायचं मी. ऑर्डर गेली तर कंत्राटी बायकांना घरी बसवावं लागेल, असं साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलेलं. आणि नेमकी सकाळी हायवेवर खोदताना कुणीतरी आमची केबल तोडली. राहिली ती बदलीची बारीक लाईन. चाचणी घेतली तर माझं चित्र तुकड्यातुकड्यांनी जात होतं.

धावत दत्ताभाऊंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळ्यांच्या मर्यादा काढल्या. झालं, सगळ्यांच्या फोनमध्ये तुंबलेलं सगळं एकदम उतरायला लागलं आणि माझा कॉल साफ मेला. घाम पुसत त्यांनी मर्यादा परत घातल्या. कॅन्टीनचं बंद केलं, गेटचं केलं, साहेबांचंही केलं. तरी अडखळणं तेच. स्क्रीनवर एकजण निम्मं नेट पीत होता आणि दत्ताभाऊ नेमके त्यालाच सोडून बाकी सगळं तपासत होते.

"हा कोण?" मी विचारलं.

"त्यो राखीव हाय," ते खाली बघत म्हणाले. "मोठ्या लाईनीवर तेवढं जाणवत न्हवतं."

"अहो, बायकांची पोटं आहेत यावर."

मॉनिटरमागून त्यांनी टॅब काढला. त्यात खाटेवर बसलेला एक म्हातारा टक लावून बघत होता. "आबा, आलोच हां. हालायचं न्हाई," म्हणून त्यांनी तो बंद केला. मग मला म्हणाले, "वडील हायत. समदं इसरत्यात आता. माझं त्वांड दिसलं की गप बसत्यात. न्हाईतर उठून रुळाकडं जात्यात."

पण गिऱ्हाईक समोर आलं होतं. मी मशीन दाखवत होते आणि डोळ्यांसमोर मळवलीचे रूळ येत होते. चित्र अगदी स्वच्छ गेलं. ऑर्डर पक्की झाली.

सांगायला धावले, तर दत्ताभाऊंनी टॅब लावलाच होता. तिकडचा फोन आपोआप उचलला जायचा. खाट रिकामी होती.

"आबा," त्यांनी हाक मारली. मग आणखी एक. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

काहीतरी खुडबुडलं आणि म्हातारा चेहरा स्क्रीनवर आला. रडवेला झालेला.

"कुटं गेलतास रं? समदं घर हुडकलं तुला."

"हितंच हाय आबा," दत्ताभाऊ म्हणाले. "बसा."