धाकट्या डिस्कचं बोलावणं

सांगलीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात सर्व्हरची धाकटी डिस्क मंगळवारी सकाळी रुसून बसली, म्हणून विभावरी चिकोडे स्क्रू-ड्रायव्हरबरोबर खण-नारळही घेऊन आली. तिच्या कंपनीची पद्धतच तशी आहे. रुसवा काढल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही.

आदल्या दिवशी सर्व्हर चालवणारं लिनक्स सुरू होत नव्हतं, ते तिनंच चुटकीसरशी ठीक केलं होतं. सर्व्हरमध्ये डिस्क दोन; थोरलीवर जे लिहिलं जाई ते धाकटी जसंच्या तसं उतरवून घेई. फक्त यंत्राला जागं करणारा बूटलोडर त्यात येत नाही. तो प्रत्येकीला वेगळा द्यावा लागतो. विभावरीनं तो थोरलीला दिला आणि हात झटकून घरी गेली. रागाच्या भरात धाकटीनं स्वतःवरचं सगळं पुसून टाकलं.

"घरात दोन चुली असल्या तर बोलावणं दोन्हीकडं जातं," धाकटी म्हणाली. "आमच्याकडं कोण आलं?"

"मला वाटलं, थोरल्या बाई सांगतील."

"त्यांनी का सांगावं?"

ग्रंथपाल बाबूराव खोतांना दिसत नाही, पण थोरलीची टकटक त्यांना ऐकू येत होती. थोरली आता फार टिकणार नव्हती. निम्मी पुस्तकं खोतांच्या बायकोनं वाचलेली. ती गेल्यापासून तिचा आवाज तेवढा त्या डिस्कवर उरला होता, आणि आरशासारख्या दोन डिस्क आहेत म्हणून वेगळी प्रत कुणी ठेवलीच नव्हती.

विभावरी डगमगली नाही. असले रुसवे तिनं पुष्कळ काढले होते. तिनं खण-नारळ पुढं ठेवला, चुकले म्हणाली, धाकटीला तिचा वेगळा बूटलोडर दिला आणि थोरलीच्या देखत बोलावलं, "चला, बसायला या."

"आता कसं बोललात!" धाकटी म्हणाली आणि उतरवून घ्यायला बसली.

दुपारभर थोरली सांगत राहिली. ती अडखळली की धाकटी म्हणे, "सावकाश सांगा, बाई. मी थांबते." शेवटचं पुस्तक उतरलं आणि टकटक थांबली. विभावरीनं थोरलीला अलगद काढून रुमालात गुंडाळलं. सर्व्हर सुरू केला. धाकटी एकटीनं उठली.

खोतांनी बटण दाबलं. बायको वाचू लागली, आणि ते मोकळेपणानं रडले.

"आता थोरल्या तुम्हीच," विभावरी म्हणाली.

"मग धाकटी आणायला हवी," डिस्क म्हणाली. "बोलवायला मी स्वतः जाईन."

पुस्तक संपल्यावर विभावरीनं सर्व्हर बंद करून तिला बाहेर काढलं आणि दुकानात जायला रिक्षा थांबवली. नव्या थोरलीला मांडीवर घेऊन खोत तिच्या शेजारी बसले.